पावशेराचा धडा

भाजीवालीकडे आजही आपण ‘पावशेर मिरच्या द्या’ म्हणतो आणि ती निमूटपणे तराजूत 250 ग्रॅमचे वजन टाकते. शेर कायद्याने बाद होऊन साठ वर्षे उलटली. मागणाऱ्याने आणि देणाऱ्याने, दोघांनीही शेराचे वजन बहुधा हातात धरलेले नसते. हा व्यवहार पाहून कुणी म्हणेल, ‘बघा, आपली माणसे जुने काही सोडतच नाहीत.’ मला त्यात नेमके उलटे दिसते. वजन बदलले, हिशेब बदलला, कायदा पाळला गेला. मागे राहिला तो एक निरुपद्रवी शब्द. कोट्यवधी निरक्षर माणसांच्या देशाने आपली मोजमापे काही वर्षांत बदलली आणि त्यासाठी कुणाचे डोके फुटले नाही.

तरीही बदलाचा विषय निघाला की ठरावीक वाक्ये ऐकू येतात. ‘लोकांची मानसिकताच नाही.’ ‘सवय सुटत नाही.’ ‘अज्ञान आहे, प्रबोधन करायला हवे.’ कचेरीतले साहेब असोत, कृषी खात्याचे अधिकारी असोत की संस्थांचे कार्यकर्ते, योजना फसली की खापर फुटते ते लोकांच्या स्वभावावर. ही समजूत उथळ आहे आणि घातकही. उथळ यासाठी की सवयीच्या पोटात काय असते हे ती पाहत नाही. घातक यासाठी की तिच्यामुळे योजना आखणाऱ्याला स्वतःची योजना पुन्हा तपासावी लागत नाही.

माझे म्हणणे असे आहे: माणूस ओळखीच्या गोष्टीला धरून राहतो, कारण तिच्यात त्याची मेहनत आणि त्याची सुरक्षितता साठलेली असते. नव्याची भीती वाटते ती बहुतेक वेळा नवेपणाची नसते. तोटा आपल्या माथी येईल आणि तो भरून द्यायला कुणी नसेल, याची असते. म्हणून बदल सोपा करायचा असेल तर लोकांची समजूत काढणे हे पहिले काम नाही. त्यांच्या खांद्यावरचा भार स्वतः उचलणे हे पहिले काम आहे. हे टप्प्याटप्प्याने मांडतो.

1. जुनी वस्तू एकच काम करत नसते

चुलीचे उदाहरण घेऊ. 1980च्या दशकात केंद्र सरकारने सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम हाती घेतला. हेतू निखळ चांगला होता. धुराने बायकांचे डोळे आणि छाती खराब होते, सरपणासाठी पायपीट होते, झाडे तुटतात, हे सगळे खरेच होते. तरी बसवलेल्या कितीतरी चुली काही काळातच मोडीत निघाल्या आणि शेजारी पुन्हा तीच मातीची चूल पेटली. ‘बायकांना आरोग्याचे महत्त्व कळत नाही,’ असा निष्कर्ष काढून अनेक जण मोकळे झाले.

आता मातीच्या चुलीजवळ जरा बसून पाहा. तव्यावर भाकरीला पाणी लावून ती उलटली जाते, मग तवा उतरवून भाकरी निखाऱ्यांसमोर उभी केली की टम्म फुगते. बाजूच्या वैलावर कालवण गरम राहते, त्यासाठी वेगळे सरपण लागत नाही. शेतातून आणलेली लांबच लांब तुराटी किंवा पऱ्हाटी न तोडता चुलीच्या तोंडात सरकवता येते. राखेने भांडी घासली जातात. तोच धूर वर टांगलेल्या बियाण्याच्या कणसांना किडीपासून जपतो. पावसाळ्यात चुलीपाशीच ओले कपडे वाळतात. ही सगळी कामे ती चूल करत होती आणि योजनेच्या कागदावर मात्र ‘स्वयंपाक’ एवढे एकच काम लिहिलेले होते. तोंड लहान असलेल्या चुलीसाठी सरपण बारीक तोडावे लागले, म्हणजे दिवसभर राबलेल्या बाईच्या वाट्याला आणखी एक काम आले. वैल नसेल तर कालवण दुसऱ्यांदा तापवावे लागले. तिने चूल नाकारली तेव्हा तिने आरोग्य नाकारले नव्हते, वाढीव कष्ट नाकारले होते.

सवयीला आपण आळसाची बहीण मानतो. प्रत्यक्षात सवय ही आधी करून ठेवलेली मेहनत असते. किती पीठ, किती पाणी, जाळ केव्हा ओढायचा, याचा विचार त्या बाईला आता करावा लागत नाही. हाताला ते ठाऊक असते. त्यामुळे तिचे डोके पोरांच्या अभ्यासाकडे, दारातल्या जनावराकडे आणि उद्याच्या मजुरीकडे लावायला मोकळे राहते. नवी वस्तू ही साठवण एका दिवसात शून्यावर आणते. ज्याच्याकडे वेळ आहे, चूक परवडते, तो हा खर्च हसत करतो. ज्याचा दिवस आधीच काठोकाठ भरलेला आहे, त्याला तो जड जातो.

2. तोट्याचे गणित सगळ्यांना सारखे नसते

डॅनियल कानेमन आणि अमोस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये दाखवून दिले की मिळकतीचा आनंद आणि तेवढ्याच नुकसानीचे दुःख यांत दुःखाचे पारडे जड असते. नंतरच्या त्यांच्या मोजणीत ते साधारण दुप्पट भरले. हा शोध मोठाच आहे. पण पुढे तो सैल हाताने वापरला जाऊ लागला. नुकसानीला जास्त वजन देणे हा माणसाच्या बुद्धीतला दोष आहे, असा सूर लागला. दोन एकर कोरडवाहू जमीन असलेल्या शेतकऱ्याच्या बाबतीत हा दोष नाही, ते सरळ गणित आहे. चांगला हंगाम त्याला एखादी म्हैस देईल. वाईट हंगाम त्याला सावकाराच्या दारात उभे करील, आणि तिथून परत यायला दहा वर्षे लागतील. त्याच्यासाठी हे दोन हंगाम सारख्या वजनाचे नाहीतच.

संकरित ज्वारीचा इतिहास या नजरेने पाहावा. सीएसएच-1 हा देशातला पहिला संकरित ज्वारीचा वाण 1964 मध्ये आला. उत्पादन वाढले, हे मान्य करायला हवे; दुष्काळाच्या वर्षांनी भाजून निघालेल्या महाराष्ट्रात त्या धान्याने अनेकांची चूल पेटती ठेवली. पण खरिपाचा हा लवकर येणारा वाण पावसातच पिकायचा, कणीस भिजून दाणा बुरशीने काळा पडायचा, भाकरीला गोडी नसायची. ताट ठेंगणे, म्हणून कडबा कमी. सरकारी हिशेबात ज्वारी म्हणजे दाणे. शेतकऱ्याच्या हिशेबात ज्वारी म्हणजे माणसांची भाकरी आणि बैलांची वैरण, दोन्ही. लोकांनी काय केले? अनेकांनी खरिपात संकरित ज्वारी घेतली आणि रब्बीला मालदांडी हा जुना वाण ठेवला. सोलापूर, मंगळवेढ्याकडची रब्बी ज्वारी आजही मान राखून आहे. आणि आपल्या बोलीत ‘हायब्रीड’ हा शब्द दिसायला भरघोस पण कस नसलेल्या गोष्टीसाठी रूढ झाला. ही टिंगल नव्हती. तो ग्राहकांचा अभिप्राय होता, भाषेत नोंदवलेला. तो वेळीच ऐकला असता तर चव आणि कडबा यांचा विचार संशोधनात आधी आला असता.

हे आपल्याच लोकांचे वैशिष्ट्य आहे असेही नाही. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मका कसा पसरला, याचा ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांचा अभ्यास 1943 मध्ये प्रसिद्ध झाला. 259 शेतकऱ्यांपैकी दोघे सोडून बाकी सर्वांनी अखेर ते बियाणे स्वीकारले होते. पण ऐकले त्या वर्षी सगळे शेत सहसा कुणी नव्या बियाण्याखाली घातले नाही. आधी एक तुकडा, मग थोडे अधिक, असे करत वर्षे गेली. बियाण्याची माहिती बहुतेकांना विक्रेत्याकडून मिळाली होती. खात्री मात्र शेजाऱ्याचे शेत पाहून पटली. शिकलेला, जमीन बाळगून असलेला अमेरिकन शेतकरी असेच वागतो, तेव्हा आपण त्याला सावध म्हणतो. आपला शेतकरी तसाच वागला की त्याला मागासलेला म्हणतो.

3. बदल कोण आणतो, यावरही तो ठरतो

एकच गोष्ट एका हाताने दिली तर औषध ठरते आणि दुसऱ्या हाताने दिली तर अत्याचार. 1896 मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढच्या वर्षी पुण्यात पसरला. फेब्रुवारी 1897 मध्ये साथरोग कायदा झाला. पुण्यात प्लेग समितीचे प्रमुख रँड यांच्या हाताखाली सैनिक घरात शिरले, देवघरापर्यंत गेले, सामान बाहेर काढून जाळले गेले, रुग्ण इस्पितळात आणि घरचे लोक छावणीत नेले गेले. रोग्याला वेगळे ठेवणे हे शास्त्राला धरून होते. पण ज्या रीतीने ते झाले, तिच्यामुळे लोक रोगी लपवू लागले, म्हणजे ज्या कारणासाठी सक्ती होती तेच कारण हरले. 22 जून 1897 रोजी चापेकर बंधूंनी रँड यांच्यावर गोळी झाडली. मार्च 1898 मध्ये मुंबईतही दंगल उसळली. त्यानंतर सरकारला धोरण सैल करावे लागले आणि लोकांच्या संमतीला जागा द्यावी लागली.

त्याच वर्षातली दुसरी बाजू पाहा. वाल्देमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार केली आणि 10 जानेवारी 1897 रोजी मुंबईत ती आधी स्वतःला टोचून घेतली. तिसऱ्या आगाखानांनी अनुयायांना नुसता उपदेश केला नाही, त्यांच्यासमोर स्वतः लस घेतली. पुण्याजवळ डॉ. यशवंतराव फुले यांच्या दवाखान्यात सावित्रीबाई रुग्णांची सेवा करत होत्या. त्यातच प्लेग होऊन 10 मार्च 1897 रोजी त्यांचा अंत झाला. टिळकांनी हिंदूंसाठी वेगळे प्लेग इस्पितळ उभारले. इस्पितळाची, सुईची आणि विलगीकरणाची भीती सगळीकडे सारखीच होती. फरक एवढाच की एका बाजूला धोका फक्त लोकांच्या वाट्याला होता, दुसऱ्या बाजूला सांगणारा स्वतः त्या धोक्यात उतरला होता. विश्वास भाषणाने येत नाही, वाटून घेतलेल्या धोक्यातून येतो.

4. जमलेला एक बदल: 1957 चे पैसे

1 एप्रिल 1957 रोजी भारताने दशमान नाणी सुरू केली. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै, म्हणजे रुपयाच्या 192 पै. हे हिशेब लोकांच्या जिभेवर होते. पावकी, निमकी, दिडकी यांचे पाढे पोरांना तोंडपाठ करावे लागत. एवढे खोल रुजलेले गणित बदलायचे ठरले आणि ते बदलले. कसे?

रुपया होता तसाच ठेवला. चार आण्यांचे बरोबर पंचवीस आणि आठ आण्यांचे पन्नास नवे पैसे झाले, त्यामुळे बाजारातले दोन मोठे टप्पे जागचे हलले नाहीत. अडचण होती ती मधल्या आण्यांची, कारण एका आण्याचे सव्वासहा पैसे होतात. त्यासाठी एका आण्याला 6, दोन आण्यांना 12, तीन आण्यांना 19 असे तक्ते दुकानोदुकानी लागले. जुनी नाणी एका रात्रीत बाद केली नाहीत. कित्येक वर्षे ती नव्यांच्या बरोबरीने चालली. नव्या पैशाच्या अंगावर ‘रुपये का सौवाँ भाग’ असे लिहिले होते. नाणे स्वतःच आपला अर्थ सांगत होते. नावातही गोंधळ नको म्हणून ‘नया पैसा’ म्हटले आणि गरज संपल्यावर 1964 मध्ये ‘नया’ शब्द गळला.

वजनांचेही तसेच. कायदा 1956 चा, अंमल ऑक्टोबर 1958 पासून, तोही काही भागांत आणि काही व्यवहारांत आधी. देशभर सक्ती व्हायला 1962 उजाडले. इथे आणखी एक गोष्ट मदतीला आली. जुनी मापे एकसारखी नव्हती. 80 तोळ्यांचा शेर सर्वमान्य असला तरी जुन्या मुंबईत 28 तोळ्यांचाही शेर होता आणि धान्य तर पायली, अधोली, मापटे, चिपटे अशा मापांनी मोजले जाई. एका गावचा माणूस दुसऱ्या गावच्या बाजारात नाडला जायचा. नव्या वजनाने गरीब गिऱ्हाइकाला काहीतरी रोख दिले: फसवणुकीपासून थोडे संरक्षण. 80 तोळ्यांचा शेर 933 ग्रॅमचा, म्हणजे किलोच्या जवळचा, हेही सोयीचे पडले. शेराच्या जागी किलो बसला, पावशेराच्या जागी अडीचशे ग्रॅम, आणि लोकांनी जुना शब्द नव्या वजनावर चढवला. जमिनीचेही तेच. सातबारावर हेक्टर आणि आर असते, आपण बोलतो एकर आणि गुंठे. एक गुंठा आणि एक आर जवळजवळ सारखेच, म्हणून हे दुहेरी खाते कुणाला जाचत नाही.

5. मग बदल सोपा कसा करायचा?

वरच्या उदाहरणांतून पाच नियम निघतात.

पहिला, जुनी वस्तू किती कामे करते ते आधी मोजा. वापरणाऱ्याला विचारा आणि त्याहून चांगले म्हणजे एक दिवस तिच्याजवळ बसा. नवी वस्तू त्यातले एखादे काम करत नसेल तर ते कुठून भरून येईल, याचे उत्तर योजनेतच हवे.

दुसरा, तुकड्यावर करून पाहू द्या. ज्याला मागे फिरता येते तो पुढे जायला तयार होतो. सगळे शेत, सगळे पैसे, सगळे कागद एकदम मागणारा बदल माणसाला जुगारी व्हायला सांगतो.

तिसरा, पहिल्या तोट्याचा भार सांगणाऱ्याने घ्यावा. नवे बियाणे वाया गेले तर भरपाई, नवी पद्धत शिकताना मजुरी बुडाली तर तिचा मोबदला. यावर खर्च होतो. पण फसलेल्या योजनेच्या उद्घाटनावर आणि फलकांवर होणाऱ्या खर्चापेक्षा तो सत्कारणी लागतो.

चौथा, जुने दार ठरलेल्या तारखेपर्यंत उघडे ठेवा. रेशन दुकानातले यंत्र घ्या. आयुष्यभर खुरपे आणि पाटी धरलेल्या हातांच्या रेषा झिजतात, अंगठा यंत्रावर उमटत नाही. अशा वेळी त्या बाईच्या पिशवीत धान्य पडेल की ती रिकामी परत जाईल, यावर तिचे त्या यंत्राविषयीचे मत ठरते. नोंद करण्याची दुसरी वाट दुकानातच मोकळी असेल तर यंत्राशी तिचे वैर राहत नाही.

पाचवा, ओळख वाढू द्या. रॉबर्ट झायन्स यांनी 1968 मध्ये दाखवले की एखादी गोष्ट नुसती वारंवार नजरेसमोर आली तरी ती अधिक आवडू लागते. म्हणजे ज्या स्वभावाला आपण बदलाचा शत्रू समजतो, तोच नव्याला रुजवतो. त्याला वेळ मात्र द्यावा लागतो. जुना शब्द ठेवायचा असेल तर ठेवू द्या. ज्या घरात भांडी नवी आली त्या घरात जुने नाव राहिले तर काही बिघडत नाही.

6. आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप सर्वांत गंभीर आहे: अन्यायाच्या बाबतीतही असेच सबुरीने घ्यायचे का? अस्पृश्यता ही कुणाची तरी ‘सवय’च होती. इथे माझे उत्तर स्पष्ट आहे. ओळखीच्या गोष्टीची किंमत कोण मोजतो, हे आधी पाहायला हवे. चुलीची किंमत चूल वापरणारी स्वतः मोजते, म्हणून तिच्या गतीला मान द्यायचा. अस्पृश्यतेत सवय एकाची आणि यातना दुसऱ्याच्या होत्या. तिथे सवयवाल्याच्या सोयीने थांबण्याचा प्रश्नच येत नाही. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात 1923 मध्ये झाला, महाडच्या नगरपालिकेने 1924 मध्ये तो आपलासा केला, तरी तिथले चवदार तळे अस्पृश्यांना बंदच राहिले. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर हजारो लोकांसह तिथे गेले आणि पाणी प्याले. न्यायालयातला अंतिम निकाल 1937 मध्ये लागला. तोवर थांबा, हळूहळू मने बदलतील, असे त्यांना सांगण्याचा अधिकार कुणालाच नव्हता. माझे नियम दुर्बळाला लागू होतात, त्याच्यावर बसलेल्याला नाही.

दुसरा आक्षेप: जुने दार उघडे ठेवले तर कुणी नव्या दाराने जाणारच नाही. हा धोका खरा आहे, म्हणूनच ‘ठरलेल्या तारखेपर्यंत’ हे शब्द महत्त्वाचे. आणे गेले, कारण ते जाणार हे आधीपासून जाहीर होते. पंचवीस पैशांचे नाणेसुद्धा 30 जून 2011 नंतर चलनातून बाद झाले. मुदत नसलेली सवलत बदलाला सडवते, तशी पूर्वसूचना नसलेली सक्ती बदलाला तोडते.

तिसरा आक्षेप: काही माणसे खरोखरच हट्टी असतात. असतात. पण कोण हट्टी आणि कोण अडचणीत, हे आधी अडचण दूर केल्यावरच कळते. भार उचलून पाहण्याआधी हट्टाचा शिक्का मारणे म्हणजे पंचनामा न करता निकाल देणे.

चौथा आक्षेप: यात वेळ फार जातो. जातो. पण पुण्यातल्या सक्तीने वाचवलेला वेळ लपवलेल्या रोग्यांनी वसूल केला. मोडलेल्या चुलींची वर्षेही हिशेबात धरायला हवीत. घाईचा खर्च नंतर येतो आणि तो दुसऱ्याच्या नावावर पडतो, म्हणून तो दिसत नाही, एवढेच.

7. शेवटी प्रश्न आपल्याकडे वळतो

पुढच्या काही वर्षांत शेतीपासून बँकेपर्यंत आपल्याला खूप काही बदलावे लागणार आहे. पाणी मोजून वापरावे लागेल, पिके बदलावी लागतील, कागदाची कामे पडद्यावर जातील. यातले बरेच आवश्यक आहे, आणि मला ते व्हायला हवे आहे. म्हणूनच ‘लोकांची मानसिकता नाही’ हे वाक्य ऐकले की मला चीड येते. ते बोलणाऱ्याने आधी सांगावे, जुन्या गोष्टीची किती कामे तुम्ही मोजली? तोटा झाला तर कुणाचा होईल असे ठरवले होते? आणि तुमच्यापैकी कोण त्या वाटेवर आधी चालून आले?

या तीन प्रश्नांची उत्तरे हाती असतील तर लोक येतात. 1957 मध्ये ते आले होते. त्यांतल्या निम्म्याहून अधिकांना सहीसुद्धा करता येत नव्हती.